लिंबाजी नानांचा कोरडा हंगाम

लग्नाच्या पंगतीत जिलेबी वाढणाऱ्याला हात धरून थांबवणारा, खिशातून काचेची पट्टी काढून तिच्यावर पाकाचा थेंब घेणारा, ती मांडवातल्या बल्बसमोर धरणारा आणि मग तो थेंब अंगठा आणि बोटात चोळत डोळे मिटून बसणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिलाय. दुर्दैवाने दर वेळी मी त्याच्या शेजारीच बसलेलो असायचो. मागे वाढपी खोळंबायचे, पुढे वरबाप अस्वस्थ व्हायचा.

"पाक जरा उतावळा झालाय," नाना निकाल द्यायचे आणि जिलेबी न घेताच वाढप्याला पुढे घालवायचे. घ्यायची नव्हतीच. त्यांना साखरेचा आजार होता. उभा जन्म साखर शिजवण्यात गेला आणि चहा बिनसाखरेचा, असं त्यांचं नशीब.

लिंबाजी नाना आमच्या सहकारी साखर कारखान्यात हेड पॅनमन होते. केजहून नांदूरघाटकडे जाताना चिमणी दिसते तो आमचा कारखाना. उसाच्या रसाचा पाक एका बंद, उंच भांड्यात, हवा काढून घेऊन शिजवतात. त्या भांड्याला पॅन म्हणतात. पाकात साखरेचा दाणा नेमका कधी पडतो, तो किती वाढू द्यायचा आणि कधी उतरवायचा, हे ठरवणारा तो पॅनमन. यंत्रं सगळी असतात, काटे असतात, पण शेवटचा निकाल पॅनमनच्या दोन बोटांत असतो. निदान नानांचं म्हणणं तसं होतं. "काटा खोटं बोलंल, डोळा फशी पडंल. बोट न्हाई," असं ते म्हणायचे.

मी टाइम ऑफिसात होतो. हजेरी, पाळ्या आणि भोंगा ही माझी खाती. नाना मला घड्याळसायब म्हणायचे. त्यात आदर किती आणि थट्टा किती, हे मला निवृत्त होईपर्यंत कळलं नाही.

चोळून बघायची सवय पाकापुरती असती तर मी काही बोललो नसतो. नाना सगळंच चोळायचे. रेशनचे तांदूळ चोळायचे, शेतातली माती चोळायचे, हजेरीपटाचं पान चोळायचे. मी नवा शर्ट घालून गेलो की बोलता बोलता माझी कॉलर त्यांच्या बोटांत असायची. एकदा चेअरमनसाहेबांनी हात मिळवला तर नानांनी त्यांचा तळवा चोळला आणि सोडून दिला. साहेब पुढे गेल्यावर नाना मला म्हणाले, "दाणा न्हाई पडला अजून." हे त्यांचं माणसांबद्दलचं मोजमाप होतं. बहुतेक माणसांचा पाक नुसताच गरम, दाणा नाही, असा त्यांचा अनुभव होता. माझ्याबद्दल विचारायचं मी टाळलं.

त्यांचा दुसरा लाडका शब्द म्हणजे खोटा दाणा. पाक घाईने आटवला की खऱ्या दाण्यांच्या मधे धुरळ्यासारखे बारीक दाणे पडतात. ते वाढत नाहीत आणि दुसऱ्यांना वाढू देत नाहीत. आमच्या संचालक मंडळाच्या बैठकीतून बाहेर आले की नाना एवढंच म्हणायचे, "लई खोटा दाणा हाय." मी इकडेतिकडे बघून घ्यायचो.

मग ती दोन वर्षं आली. पहिल्या साली पाऊस अर्धवट झाला, दुसऱ्या साली तोही नाही. मांजरा नदीत पोरं क्रिकेट खेळायला लागली. असला नसला ऊस जनावरांच्या तोंडी गेला, कारखान्याने हंगाम रद्द केला आणि गाड्यांच्या तळावर चारा छावणी उघडली. जिथे उसाच्या बैलगाड्यांची रांग लागायची तिथे आता नुसते बैलच होते.

गंमत अशी की त्याच साली आम्ही शिकाऊ उमेदवार घेतले होते. ठराव उन्हाळ्यातला, पावसाची आशा असतानाचा. जुने पॅनमन एकेक करून निवृत्त होत होते आणि नवं कुणी तयार नव्हतं. वर्षभर काम शिकायचं, शेवटी दाखला घ्यायचा, अशी ती योजना. तिघं आले. हंगाम नाही म्हटल्यावर दोघं महिन्याभरात पुण्याकडे गेले. राहिली सुमन.

सुमन सत्तावीस वर्षांची. बारावी सायन्स झालेली, मग लग्न, मग सलग सात हंगाम ऊसतोडीला. आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. माणसं मोजायची पद्धत नाही, कोयते मोजतात. सुमन इकडे आल्यामुळे तिचा नवरा भागवत याला त्याचे सोबती अर्धा कोयता म्हणायला लागले होते. भागवत बिचारा हसून घ्यायचा. पण त्याने बायकोला एकच साल दिलं होतं. पुढच्या दसऱ्याला ऊसतोडीला नेणाऱ्या मुकादमाचा ट्रक वस्तीवर येईल, तोवर कुठे नोकरी लागली तर लागली, नाहीतर कोयता पुन्हा पुरा करायचा.

पहिल्या दिवशी नानांनी तिचे हात बघितले. घट्टे पडलेले, दोन जुन्या जखमांचे वण.

"असल्या हाताला दाणा कळंल का गं बाई?"

"पाचट डोळ्यावर येतं तवा कांडं कुठं तोडायचं ते हातालाच कळतंय नाना," सुमन म्हणाली. "सात सालं हातानंच बगितलंय."

नानांनी तिच्या तळव्यावर चिमूटभर साखर ठेवली. तिने ती चोळली आणि म्हणाली, "ह्यात दोन परकारचा दाणा हाय."  त्या दिवशी नानांनी माझ्या टेबलावर येऊन बिनसाखरेचा चहा दोनदा मागितला, यावरून मी काय ते समजलो.

ऑफिसातून लगेच हुकूम आला, की कारखाना बंद आहे तर उमेदवाराला छावणीत जनावरं मोजायला लावा. नाना तो कागद घेऊन थेट चेअरमनच्या खोलीत गेले. मी दारात होतो.

"सायब, तिच्या करारावर पॅनमन लिवलंय. बैल लिवलेले न्हाईत."

"अहो नाना, पण ऊस कुठे आहे?"

"ऊस न्हाई तर न्हाई. हंगाम मी घेतो."

आणि त्यांनी खरोखरच हंगाम घेतला. उसाविना, रसाविना, वाफेविना. रोज सकाळी आठला सुमनने जिना चढून पॅनच्या मजल्यावर यायचं, पॅनला हात जोडायचे, वहीत पाळी लिहायची आणि रिकामा पॅन चालवायचा. नाना खुर्चीवरून ओरडायचे, "व्हॅक्यूम किती?" ती सांगायची. "सिरप पाज." ती व्हॉल्व्ह फिरवायची. एकदा मी हजेरी घ्यायला वर गेलो तर नाना तिला रागावत होते.

"लई पाजलंस गं. फुगलं बग."

सुमनने मान खाली घातली. मी पॅनच्या काचेतून आत बघितलं. आत एक कोळ्याचं जाळं होतं. मी खाली येऊन हजेरी मांडली आणि माझ्या डोक्याला काही झालंय का याचा थोडा वेळ विचार केला.

पुढे नानांना वाटू लागलं की भोंग्याविना पाळी ही पाळी नव्हे. भोंग्याची किल्ली माझ्याकडे होती. मी नाही म्हणालो. ते पुन्हा म्हणाले, मी पुन्हा नाही म्हणालो. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझी कॉलर बोटांत धरून इतक्या मायेने विचारलं की मी किल्ली दिली. एक मात्र दोघांच्याही ध्यानात आलं नाही. आमच्या भागात कारखान्याचा भोंगा म्हणजे हंगाम सुरू. लोक त्यावर पेरण्या ठरवतात, लग्नं ठरवतात.

दुपारी बाराला भोंगा वाजला. छावणीतली जनावरं उठून उभी राहिली. तीनच्या सुमाराला फाटकावर पाच बैलगाड्या आणि एक ट्रॅक्टर उभा होता, वर वाळलेला, बोटाएवढ्या जाडीचा ऊस. वैरणीसाठी राखलेला ऊस लोकांनी धावत तोडून आणला होता, आपला नंबर मागे पडू नये म्हणून. चेअरमनसाहेबांचा फोन आला तेव्हा मी टेबलाखाली पडलेलं पेन शोधत होतो, ते बराच वेळ सापडलं नाही.

नाना मात्र फाटकावर गेले. पहिल्या गाडीवर एक म्हातारेबुवा होते.

"ऊस घेत न्हाई म्हंता, मग भोंगा कावून वाजविला?"

"शिकवायलोय," नाना म्हणाले.

"कुणाला?"

नानांनी सुमनकडे बोट केलं. म्हाताऱ्याने तिच्याकडे बघितलं, बंद चिमणीकडे बघितलं. मला वाटलं आता चाबूक उगारतो.

"शिकवा," तो म्हणाला. "पाऊस काय जलमभर रुसत न्हाई. दोन मोळ्या ठिवून जातो, बगा काय व्हतंय का." बाकीच्यांनीही मोळ्या टाकल्या आणि उरलेला ऊस छावणीत घातला. मला भोंग्याबद्दल लेखी ताकीद मिळाली. ती माझ्या नोकरीतली एकमेव ताकीद, आणि खरं सांगतो, मी ती जपून ठेवली आहे.

त्या मोळ्यांनी नानांना नवं वेड लागलं. दूध संघाचं शीतकरण केंद्र दुष्काळात बंद पडलं होतं. तिथून त्यांनी एक मोठा स्टीलचा कॅन आणि जुना व्हॅक्यूम पंप मागून आणला. कॅनला भोक पाडून काच बसवली, खाली शेगडी लावली आणि पॅनच्या मजल्यावरच हातभर उंचीचा पॅन तयार केला. सुमनने त्याचं नाव चिमणी ठेवलं. केजच्या स्टँडवर एक रसवंती उसाअभावी बंद होती, तिचा चरक आणला. भागवत चरक फिरवायचा, सुमन शिजवायची, नाना खुर्चीवर. दोन सहकारी संस्था आणि एक रसवंती मिळून आमचा कारखाना पुन्हा सुरू झाला, दिवसाला पाच शेर उत्पादन.

पहिली खेप करपली. दुसरीचा गूळ झाला, तो आम्ही खाल्ला. तिसरीपासून सहावीपर्यंत खोटा दाणा. मोळ्या संपल्या की सुमन वस्तीवरून कुणाकडून तरी काखेत मावेल एवढा ऊस घेऊन यायची. सातव्या खेपेला तिने काचेवर थेंब घेतला, चोळला आणि पुन्हा एकदा चोळला.

"तुला काय लागतंय?" नानांनी विचारलं. ते नेहमी आधी तिलाच विचारायचे, मग स्वतः चोळायचे. शिकवायची ही पद्धत मला फार आवडायची.

"सारखा लागतोय, नाना. सगळा सारखा."

नानांनी चोळलं, डोळे मिटले. "दाणा धरला," म्हणाले. भागवतने मला मिठी मारली. मी का, ते मला माहीत नाही, जवळ होतो म्हणून असेल.

भाद्रपदात दक्षिणेकडच्या एका कारखान्याचे मुख्य केमिस्ट आले. त्यांच्याकडे ऊस होता, पण पॅनमन म्हातारे झाले होते, आणि शिकलेली माणसं ते शोधत फिरत होते. गंमत म्हणजे सुमनने सातही हंगाम त्याच कारखान्याच्या शिवारात ऊस तोडला होता. त्याची चिमणी तिने फडातून रोज बघितली होती, फाटकाच्या आत कधी गेली नव्हती. दसरा दोन-तीन आठवड्यांवर आला होता. मुकादम वस्तीवर येऊन भागवतला विचारून गेला होता.

केमिस्टसाहेबांनी आमचा दुधाचा कॅन बघितला आणि चष्मा पुसला.  मी हजेरीवही छातीशी धरून उभा. सुमनने पाक चढवला. अर्धा तास गेला. मग तिने थेंब काढला. त्या दिवशी पाहुण्यांसमोर म्हणून की काय, नानांनी तिला न विचारता आधी स्वतः चोळला.

"दाणा बरोबर हाय," ते म्हणाले. "पाज."

सुमनने व्हॉल्व्हला हात लावला नाही. तिने उरलेला थेंब आपल्या बोटांत घेतला. तिचा चेहरा उतरला.

"न्हाई नाना," ती हळूच म्हणाली. "खोटा दाणा पडलाय."

"पोरी, नानांना शिकवतेस काय?" चेअरमनसाहेब हसले. केमिस्टसाहेब हसले नाहीत.  उस्तादाला परक्यापुढे खोटं पाडायचं आणि वर स्वतःच चुकली तर, मुकादमाचा ट्रक होताच. तिला ते माझ्याहून जास्त कळत असणार. ती नानांजवळ गेली, त्यांच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला, काचेची पट्टी काढली, तिच्यावर थेंब घेतला आणि खिडकीच्या उजेडात धरून केमिस्टसाहेबांपुढे केली. खऱ्या दाण्यांच्या मधे बारीक धुरळा होता. मला दिसला, म्हणजे कुणालाही दिसला असता.

"खरं आहे हिचं," साहेब म्हणाले.

"तिचंच खरं हाय," नाना म्हणाले, आणि जिना उतरून गेले.

सुमनने रडत रडत पाकात पाणी सोडलं, खोटा दाणा विरघळवला आणि पुन्हा धीराने खरा वाढवला. तासाभराने साखर उतरली ती बघण्यासारखी होती. साहेबांनी तिथेच तिचं नाव लिहून घेतलं. भागवतलाही त्यांच्या ऊस-वजनाच्या काट्यावर काम देतो म्हणाले.

मी नानांना शोधत खाली गेलो. अपमान झाला म्हणून बसले असतील, समजूत घालावी, असा विचार. ते बंद यंत्रांच्या मधे एका पोत्यावर बसले होते, चिमूटभर साखर बोटांत चोळत.

"चूक होते नाना कधीकधी," मी म्हणालो.

"चूक न्हाई ती, घड्याळसायब." ते चोळतच राहिले. "दोन सालं झाली. बोटाला काईच लागत न्हाई."

मला पटकन कळलं नाही. मग त्यांनीच सांगितलं. दर महिन्याला बहिणीकडे म्हणून ते अंबाजोगाईला जायचे, ते मोठ्या दवाखान्यात जायचे. बहीण नव्हतीच. साखरेच्या आजाराने बोटं बधिर झाली होती, आणि डॉक्टर म्हणाले होते की गेलेलं परत यायची आशा धरू नका. घरी सांगायला कुणी नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा दिवाळीला यायचा. कारखान्यात सांगावं तर हेड पॅनमन म्हणून उरलं काय? शेवटचा हंगाम त्यांनी डोळ्यावर आणि अंदाजावर काढला होता, रोज भीत भीत.

"मग ते चोळणं? जिलेबीचा पाक, माझी कॉलर..."

"बगायचो. आज लागंल, उद्या लागंल." ते हसले. "तुमची कॉलर लई येळा बगितली. माफ करा."

ज्याचं चोळणं मी विक्षिप्तपणा म्हणून चारचौघांत रंगवून सांगत आलो, तो माणूस दोन वर्षं माझ्या डोळ्यांसमोर रोज आपलं बोट शोधत होता. मला माझी फार लाज वाटली. आणि तुला काय लागतंय हे तो सुमनला आधी का विचारायचा, तेही तेव्हा कळलं.

"आज ती गप बसली असती ना, तर दोगंबी बुडालो असतो," नाना म्हणाले. "मी शिकविलेलं पोरगं मला भिऊन खोटं बोललं असतं. ती न्हाई बोलली. आता मला काळजी न्हाई, सायब. बोट हाय. माझ्या हाताला न्हाई, तिच्या हाताला हाय, एवढंच."

सुमन दसऱ्यानंतर गेली. मुकादमाच्या ट्रकमधून नाही, एस.टी.ने, खिडकीजवळ बसून. काचेची पट्टी तिच्याकडेच राहिली. ती परत करायला आली होती, पण नानांनी खिशाचं बटण लावून घेतलं.

त्या साली पाऊस झाला, पुढच्या साली आमचाही हंगाम लागला, आणि नानांनी आपणहून सगळं सांगून टाकलं. चेअरमनसाहेबांनी त्यांना काढलं नाही. पाच नवे उमेदवार घेऊन त्यांच्या हवाली केले. याबाबतीत साहेबांचा दाणा धरला, असं नानांचं मत पडलं. रोज बाराचा भोंगा झाला की सुमनचा फोन येतो. आज दाणा कसा पडला, कुठे अडला, ते ती सांगते. नाना डोळे मिटून ऐकतात आणि ऐकताना त्यांचा अंगठा बोटावर फिरत असतो, मधे काही नसताना.

परवा एका लग्नात आम्ही पुन्हा शेजारी बसलो. जिलेबी आली. वाढपी जुना, सवयीने नानांपुढे थांबला. नानांचा हात खिशाकडे गेला, खिसा रिकामा होता.  मग त्यांनी माझं मनगट धरलं, माझी दोन बोटं पाकाला लावली आणि विचारलं, "तुमाला काय लागतंय, घड्याळसायब?"

मागे पंगत खोळंबली होती. मी डोळे मिटले आणि चोळत राहिलो.